लांडग्यांच्या शिकारीला हरकत घेताना

प्रश्न : अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. संघीय (केंद्र सरकारचे) संरक्षण काढून लांडग्यांची परवानाशिकार पुन्हा सुरू करा, अशी मागणी इथे होते आहे. मला लेखी हरकत घ्यायची आहे. 'मुका प्राणी' एवढ्यावर कोणी ऐकत नाही. काय लिहू?
– एक वाचक, मॅडिसन

उत्तर : आधी हरकत कोणाकडे, ते ठरवा. संघीय संरक्षण उठले की शिकारीचा हंगाम ठेवणे राज्याच्या २०१२ सालच्या कायद्याने बंधनकारक आहे. नैसर्गिक संसाधन खात्याला 'शिकार नको' असे लिहून उपयोग नाही, त्याचे हात बांधलेले आहेत. ते पत्र आमदाराला. खात्याकडे हंगामाच्या अटींवर बोट ठेवा.

पुरावा म्हणून फेब्रुवारी २०२१ मधली विस्कॉन्सिनची शिकार पुरेशी आहे. परवानाधारकांसाठी मर्यादा ११९ लांडग्यांची होती. तीन दिवस पुरे होण्याआधीच २१८ मारले गेले. तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातींनी आपल्या वाट्याच्या ८१ ना हात लावला नाही, तरी २०० ची एकूण मर्यादासुद्धा ओलांडली. कारणे नेमकी लिहा. मर्यादेतल्या दर लांडग्यामागे एरवी १० परवाने, त्या वेळी २० दिले. मारल्याची खबर द्यायला २४ तासांची मुभा आणि बंदी जाहीर झाल्यावरही २४ तास शिकार चालू. म्हणजे खात्याच्या हाती येणारा आकडा कायम शिळा. त्यात बर्फावर माग काढणारी शिकारी कुत्री. सुमारे ८६ टक्के लांडगे त्यांच्या मदतीनेच मारले गेले. शिवाय फेब्रुवारी हा लांडग्यांचा विणीचा काळ. गर्भ ६३ दिवसांचा, पिल्ले एप्रिलमध्ये. गाभण मादी गेली की अख्खे वेत जाते.

गुरांच्या नुकसानीचा मुद्दा निघेलच, तो टाळू नका. जंगलात कुठलाही लांडगा मारल्याने गुरे मारणारा कळप हटतो असे नाही. बंदोबस्त गोठ्यापाशीच हवा : मेलेले जनावर त्याच दिवशी हलवणे, रात्री कुंपण, वासरे जन्मतात त्या दिवसांत लांडग्याला बुजवणारी लाल पट्ट्यांची दोरी. पट्ट्या साधारण ४५ सेंटीमीटर अंतरावर, खालचे टोक जमिनीपासून वीतभर वर. वाऱ्याने पट्टी दोरीला गुंडाळली की फट पडते, लांडगा तिथूनच शिरतो. शिवाय दोनेक महिन्यांत तो सरावतो, म्हणून दोरी वर्षभर लावून ठेवू नये.

आपल्या माळरानावरच्या लांडग्याचा दाखला मात्र देऊ नका. तो भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिकडच्या वादात तो लागू पडत नाही.

एप्रिलमध्ये प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) जनसुनावणी होते. तिथले मतदान सल्ल्यापुरतेच असते, तरी नोंदीत राहते.