क्राफ्टरला आधी गिऱ्हाईक द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोट्या टीमसोबत तुम्ही ऑनलाइन मल्टीप्लेअर आरपीजी (एकेक पात्र घेऊन खेळायचा साहसी गेम) बनवताय, त्यात क्राफ्टिंग, म्हणजे कच्च्या मालातून वस्तू घडवणं, आहे, पण शेवटची लेव्हल गाठली की खेळाडू तिकडे फिरकत नाहीत. मग वस्तू बनवताना खेळायचा एखादा मिनीगेम घालावा, की वरच्या लेव्हलच्या रेसिपींतून निघणारी शस्त्रं आणखी तगडी करावीत?

माझ्या मते दोन्हींपैकी कशानेच हे सुटणार नाही. अशा गेम्समध्ये मी वर्षानुवर्षं क्राफ्टर म्हणूनच खेळत आलोय, म्हणून ठामपणे सांगतो: क्राफ्टरला हवं असतं ते गिऱ्हाईक. आपण बनवलेली तलवार कुणीतरी शोधत आला, तिच्या जोरावर त्याने बॉस (सगळ्यात तगडा शत्रू) पाडला आणि ती झिजल्यावर पुन्हा आपल्याचकडे आला, यातलं समाधान एक्सपीची (अनुभवाच्या पॉइंटांची) पट्टी भरण्यात कधीच मिळत नाही. तेव्हा पहिला प्रश्न हा हवा की, बनवलेली वस्तू तुमच्या गेममध्ये नक्की कुणाला लागते, आणि एकदा घेतल्यावर त्याला ती परत का लागेल?

परत लागायची तर आधीची संपायला हवी. 2003 पासून चालू असलेला ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम अजून टिकून आहे त्यात याचा मोठा वाटा आहे. तिथली जवळपास सगळी जहाजं खेळाडूच बांधतात, आणि लढाईत जहाज फुटलं की ते कायमचं गेलं. विम्याचे थोडे पैसे मिळतात, अवशेषांतून काही सुटे भाग हाती लागतात, पण जहाज नवीनच घ्यावं लागतं. जानेवारी 2014 मध्ये गेममधल्या बी-आर5आरबी या सूर्यमालेत जी प्रचंड लढाई झाली तिच्यात 75 टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, नष्ट झाले. एकेक टायटन बांधायला अनेक आठवडे लागतात, आणि त्यामागे खाणकाम करणारे, माल वाहणारे, ब्लूप्रिंटवर संशोधन करणारे असे कितीतरी हात राबलेले असतात. त्या लढाईत हरलेल्यांचं नुकसान झालं ते झालंच, पण दुसऱ्या दिवसापासून गेममधल्या प्रत्येक खाणवाल्याला आणि कारखानदाराला काम मिळालं.

अल्बियन ऑनलाइननेही हीच वाट धरली. तिथे धोक्याच्या भागात मेलात की अंगावरचं सगळं जातं. काही मारणाऱ्याच्या हाती लागतं, काही नष्टच होतं. शिवाय प्रत्येक शहराचा बाजार वेगळा आणि माल स्वतःच वाहून न्यावा लागतो. धातू गाळायला थेटफर्डमध्ये सवलत, लाकडाच्या कामाला फोर्ट स्टर्लिंगमध्ये. त्यामुळे काय बनवायचं याइतकाच कुठे बनवायचं आणि कुठे विकायचं हाही क्राफ्टरचा निर्णय ठरतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या खेळाडूंच्या हातून गियर (शस्त्रं, चिलखतं) गेलं तर ते गेमच सोडून जातील. ही भीती खरी आहे. सहकारी, गोष्टप्रधान गेममध्ये सगळं हिसकावून घेणं मीही सुचवणार नाही, आणि त्याची गरजही नाही. फायनल फँटसी 14 मध्ये गियर कधी हरवत नाही, तरी तिथे क्राफ्टर उपाशी राहत नाहीत. जेवणाचा असर साधारण 30 मिनिटं टिकतो, म्हणून रेडवाले, म्हणजे गटाने मोठ्या बॉसवर जाणारे, ते सतत घेत राहतात. औषधांचंही तसंच. आणि नवा रेड आला की पहिल्या आठवड्यात उतरणाऱ्यांना क्राफ्टरने बनवलेलंच गियर लागतं, कारण लूट अजून कुणाकडेच नसते. दुसरा उपाय म्हणजे दुरुस्ती करावी, पण दर दुरुस्तीला वस्तूचं कमाल आयुष्य थोडं घटावं. वस्तू अचानक जात नाही, हळूहळू म्हातारी होते. खेळाडूला तयारीला वेळ मिळतो आणि क्राफ्टरला पुढची ऑर्डर. फक्त एक सांभाळा: दुरुस्ती एनपीसीकडे (गेमच चालवतो त्या पात्राकडे) चार नाण्यांत होत असेल तर तो निव्वळ कर झाला, क्राफ्टरच्या पदरात काहीच पडलं नाही.

दुसरी गोष्ट मला याहून जवळची वाटते, म्हणून जरा लांबण लावतो. दोन क्राफ्टरांच्या हातचा माल सारखा असता कामा नये. सगळ्यांची लोखंडी तलवार हुबेहूब एकच असेल तर भांडण फक्त भावावर होतं, आणि भाव खाली खाली जात कच्च्या मालाच्याही खाली जातो.

हे सगळ्यात सुंदर जमलं होतं ते स्टार वॉर्स गॅलक्सीजला, 2003 सालीच. तिथे तांबं म्हणजे नुसतं तांबं नव्हतं. जमिनीत ठरावीक काळापुरता एक साठा उगवायचा, त्याला स्वतःचं नाव असायचं आणि वाहकता, कणखरपणा, एकूण दर्जा अशा गुणांचे हजारपैकी आकडे असायचे. काही दिवसांनी तो साठा संपायचा आणि ते तांबं पुन्हा कधीच मिळायचं नाही. हातात सर्व्हेचं यंत्र घेऊन माळरानावर चालायचं, पडद्यावरचा टक्का कुठे चढतो ते बघत दिशा बदलायची, सगळ्यात दाट जागा सापडली की तिथे खाणयंत्र लावायचं आणि साठा आटायच्या आत जमेल तेवढं काढून ठेवायचं. पुढे प्रत्येक रेसिपीला वेगळे गुण लागायचे. एका बंदुकीला वाहकता महत्त्वाची, तर दुसऱ्या कशाला कणखरपणा. मग प्रयोगासाठीचे पॉइंट कुठे लावायचे ते ठरवायचं: मारक्षमता वाढवू, की वेग, की टिकाऊपणा? प्रयोग फसूही शकायचा. एवढं करून निघालेली बंदूक बाजारातल्या दुसऱ्या बंदुकीसारखी नसायची, आणि तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव असायचं. ज्याने वर्षभरापूर्वीचं उत्तम पोलाद गोदामात जपून ठेवलं होतं, त्याच्या दुकानात लोक दुसऱ्या ग्रहावरून यायचे.

नोव्हेंबर 2005 मध्ये त्या गेमची घडीच बदलली. 30 हून जास्त व्यवसायांचे 9 झाले, सगळा भर लढाईवर आला, आणि ज्या कारागिरांनी दुकानं उभारली होती त्यांतले बरेच निघून गेले. 15 डिसेंबर 2011 ला गेम बंद झाला. तरी त्या बदलाआधीची आवृत्ती चाहते आजही स्वतःच्या सर्व्हरवर चालवतात. एवढी माया लावणारी क्राफ्टिंगची पद्धत माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

तुम्हाला एवढा मोठा डोलारा उभारायची गरज नाही. कच्च्या मालाला दोन-तीन बदलते गुण, रेसिपीगणिक त्यांचं वेगळं वजन, आणि वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. नाव टाकायला तर जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि का कोण जाणे, बरेच गेम तेवढंही करत नाहीत.

मिनीगेमबद्दल फार लिहीत नाही. फायनल फँटसी 14 मधलं क्राफ्टिंग स्वतःच एक छान कोडं आहे: टिकाऊपणा संपायच्या आत दर्जा किती चढवता येतो ते बघायचं. पण लोकांनी त्याचे मॅक्रो (एका बटणावर ओळीने चालणाऱ्या आज्ञा) बनवले, आणि रोजचं काम एका बटणावर आलं. कोडं जितकं ठरीव, तितका मॅक्रो सोपा. मिनीगेम घालायचाच असेल तर तो दुर्मीळ, महागड्या वस्तूंपुरता ठेवा.

लेव्हल चढवण्याची रीत मात्र आजच बदला. कुणालाच नको असलेले शंभर खंजीर बनवायचे आणि एनपीसीच्या गळ्यात मारायचे, हे क्राफ्टिंगचं शिक्षण होऊ शकत नाही. त्यातून खेळाडू एवढंच शिकतो की आपल्या कामाला किंमत नाही. तीच वस्तू पुन्हा पुन्हा बनवण्याचा एक्सपी झपाट्याने घटवा. नवी रेसिपी पहिल्यांदा बनवल्याबद्दल, आणि दुसऱ्या खेळाडूची ऑर्डर पुरी केल्याबद्दल तो भरपूर द्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2022 च्या ड्रॅगनफ्लाइट या विस्तारात पहिल्या वेळेसाठी वेगळं बक्षीस ठेवलं, ते मला योग्य वाटतं.

त्याच ड्रॅगनफ्लाइटने ऑर्डरची सोयही आणली. गिऱ्हाईक सामान देतो, मजुरी ठरवतो, क्राफ्टर वस्तू बनवून पाठवतो. जे दुर्मीळ सामान दुसऱ्याला देताच येत नव्हतं, तेही ऑर्डरमधून देता येऊ लागलं, आणि सामान घेऊन कुणी पळून जाईल ही धास्ती गेली. पण सुरुवातीला सर्वांसाठी खुल्या असलेल्या ऑर्डरमध्ये किमान दर्जाची अट घालता येत नव्हती, त्यामुळे चांगल्या मालासाठी लोक चॅटमध्येच क्राफ्टर शोधत राहिले. तुम्ही ती अट पहिल्या दिवसापासून ठेवा.

राहिली तगड्या शस्त्रांची गोष्ट. क्राफ्टरचं शस्त्र बॉसच्या लुटीपेक्षा भारी केलंत तर लढणारे नाराज, उलट केलंत तर क्राफ्टर बेकार. ही चढाओढच नको. बॉसकडून तयार शस्त्र न पडता त्याचा गाभा पडू दे, जो कुशल क्राफ्टरच घडवू शकेल. बॉस मारणाऱ्याचा मान राहतो आणि त्याला क्राफ्टरचं दारही ठोठवावं लागतं.

हे सगळं एका पॅचमध्ये (अपडेटमध्ये) आणू नका. आधी बाण, औषधं, जेवण अशा वापरून संपणाऱ्या वस्तू एनपीसीच्या दुकानांतून काढून टाका आणि त्या फक्त खेळाडूंनीच बनवाव्यात असं करा. त्यांच्यावर नाव येऊ दे, ऑर्डरचा फलक चालू करा, आणि महिनाभर नुसतं बघा की एकाच क्राफ्टरकडे परत येणारी गिऱ्हाइकं किती आहेत. तो आकडा वाढत असेल तर मग शस्त्रं आणि चिलखतांकडे वळा. वाढत नसेल, तर बॉस आणि पेट्यांमधून याच वस्तू फुकट किती पडताहेत ते तपासा. मला तरी पहिला संशय तिथेच येईल.