सासू-सासरे आणि मुलांना घेऊन मुंबईहून समुद्रकाठच्या हॉटेलात तीन-चार दिवस नुसतं निवांत राहायचं आहे. कुठे जावं?

तुमच्या प्रश्नातलं सासऱ्यांचं वाक्य मला फार आवडलं. "समुद्र बघायला पैसे कशाला? दादरला फुकट आहे." त्यांचं बरोबर आहे. पाणी तेच, अरबी समुद्राचं. पण सकाळी उठल्यावर "आज भाजी कुठली?" हे घरातल्या कुणालाही विचारावं लागू नये, यासाठी तुम्ही पैसे देणार आहात, असं त्यांना सांगून बघा. मी हे मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण एवढं घरात बोलून झालं की ठिकाण आणि हॉटेल निवडणं बरंच सोपं होतं.

तुम्ही दोघं, सासू-सासरे, अकरा आणि पाच वर्षांची मुलं. आमचं बोरिवलीचं घरही साधारण असंच भरलेलं. निवांत म्हणून काढलेल्या सहलीत पुरुषमंडळी आणि मुलं हमखास निवांत होतात. सासू आणि सून मात्र जागा बदलून तेच काम करतात. म्हणून तुम्ही प्रश्नात विचारलेला दुसरा पर्याय, अलिबागकडचा स्वयंपाकघरासकट बंगला, मी बाद करते. डोक्यागणिक हिशोब केला तर तो स्वस्त पडतो, केअरटेकर असतो, छोटा पूलही असतो. पण पहिल्याच संध्याकाळी चहा टाकायला कुणीतरी उठतं, आणि ते कोण उठतं हे तुम्हाला माहीत आहे. मित्रमंडळींचा घोळका असेल तर बंगला झकास. सासू-सासरे बरोबर असतील तर हॉटेलच.

आता ठिकाणं. अलिबाग सगळ्यात जवळ. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाडीसकट मांडव्याला सोडते, साधारण तासाभरात. गेटवेवरून लाँचही आहेत आणि त्यांच्या तिकिटात पुढची अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. पण गेटवेच्या पायऱ्यांवरून डुलणाऱ्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखीवाल्या माणसाला नको होतं. सासऱ्यांच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंच आहे, तेव्हा अलिबागच करायचं झालं तर रो-रोने जा. मात्र शनिवार-रविवारी नागावला बनाना बोट आणि घोडागाड्यांची जत्रा असते, आणि काशीदची वाळू कितीही पांढरी असली तरी पाणी दगाबाज आहे. पाच वर्षांच्या मुलाला तिथे मी पाण्यात सोडणार नाही.

गणपतीपुळ्याचा किनारा सुंदर, पण तोही पोहण्यासाठी धोक्याचा, तसे फलक लावलेले आहेत. शिवाय तिथे गेलं की दर्शन होतं, मग मालगुंड, जयगड, पावस अशी यादी निघते आणि निवांत राहायला आलेलं कुटुंब रोज सकाळी आठला गाडीत बसलेलं असतं. तारकर्ली-देवबाग मला स्वतःला सगळ्यात प्रिय. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि घरगुती निवास-न्याहरीवाल्यांकडचं जेवण असं की बोलायचं काम नाही. पण लिफ्ट, मुलांचा पूल, खोलीत चहा आणून देणारं माणूस ही सोय तिथे मोजक्याच ठिकाणी. अंदमानचे किनारे या सगळ्यांपेक्षा सरस, पण विमान, मग फेरी बोट, यातच तुमचे चारातले दोन दिवस जातील.

तेव्हा माझं उत्तर: दक्षिण गोवा. कळंगुट-बागाकडे वळूच नका. वेळसांवपासून खाली साळ नदीच्या मुखाशी मोबोरपर्यंत जवळजवळ सलग वाळूचा पट्टा आहे. माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का ही गावं त्यावरच. कुटुंबाला साजेशी मोठी हॉटेलं इथे बरीच आहेत, आणि कोलव्याचा मधला भाग सोडला तर गर्दी बेताची असते.

जायचं कसं, तर वंदे भारत. सीएसएमटीहून पहाटे सुटते, दादर-ठाण्याला थांबते, दुपारी मडगावला पोचवते. हॉटेलात खोली दोनला मिळते, त्यामुळे हे वेळेला अगदी फिट बसतं. मडगावहून बाणावली-वार्का टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, म्हणून स्टेशनवर घ्यायला गाडी पाठवा असं हॉटेललाच आधी सांगून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरचं पाहिजे असेल तर त्या दिवशी सकाळी मोबाइल घेऊन बसाच. विमानाने जाणार असाल तर तिकीट काढताना विमानतळ कुठला ते बघा. दाभोळी जवळ पडतं. मोपा गोव्याच्या पार उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात आहे. तिथे उतरून दक्षिणेला यायचं तर विमानात बसलात त्याहून जास्त वेळ टॅक्सीत बसाल.

दिवस कुठले? शनिवारी निघा, मंगळवारी परत या. डिसेंबरात मार्गशीर्ष येतोच, सासूबाईंचे महालक्ष्मीचे गुरुवार असतील तर गुरुवार धरून निघण्याची सूचनाच करू नका. शुक्रवारी वंदे भारत नसते. शनिवारी गेलात की रविवारी दुपारनंतर हॉटेल रिकामं होतं, भाव उतरतो आणि पूलमध्ये फक्त तुमची मुलं उरतात. मोठ्याची दोन दिवस शाळा बुडेल. बुडू दे, सहावीत दोन दिवस बुडाल्यामुळे आजवर कुणाचं इंजिनिअरिंग हुकलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत मात्र जाऊ नका. २० डिसेंबरनंतर भाव चढतात, आणि २४ व ३१ तारखेला बरीच हॉटेलं 'गाला डिनर'चे पैसे माणशी सक्तीने लावतात, तुम्ही साडेआठला वरण-भात खाऊन झोपणारे असलात तरी.

तीन रात्रींपेक्षा कमी जाण्यात मात्र अर्थ नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांच्या बशा एकात एक रचल्या, खरकटं एका बशीत काढलं आणि वर टिश्यूने टेबलही पुसलं. वेटर "आजी, राहू दे हो" म्हणत शेजारी उभा. दुसऱ्या सकाळी बशा रचल्या, टेबल पुसलं नाही. तिसऱ्या सकाळी खाणं संपल्यावर कप हातात घेऊन त्या सरळ बाहेर नारळाखालच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आमची वाट न बघता. एका रात्रीची सहल असती तर त्या बशा रचूनच परत आल्या असत्या.

हॉटेलचं बुकिंग करताना वेबसाइटवरचे फोटो बाजूला ठेवून फोन करा. 'समुद्राला लागून' याचा अर्थ विचारा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या, नियमांमुळे किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यामुळे खोल्या आत असतात आणि मध्ये वाळूच्या टेकड्या. सासऱ्यांना ते अंतर वाळूतून चालायचं आहे. नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडलात की खोल्या कुठे आणि वाळू कुठे ते दिसतं. मोठ्या आवारात बॅटरीवरची गाडी फिरते का, तेही विचारून घ्या. खोली तळमजल्यावर मागा किंवा लिफ्टजवळ. बाथरूममध्ये टब नको, सपाट जमिनीवरचा शॉवर हवा. वयस्कर माणसं टबाच्या काठावरून पाय टाकताना पडतात. दोन खोल्या आतून दाराने जोडलेल्या मिळाल्या तर उत्तम. 'शेजारी-शेजारी देऊ' हे आश्वासन असतं, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करून पक्कं करा.

आणि एक प्रश्न कुणी विचारत नाही तो जरूर विचारा: त्या तारखांना हॉटेलात लग्न किंवा कंपनीचं संमेलन आहे का? डिसेंबर म्हणजे गोव्यातल्या लग्नांचा हंगाम. आम्हाला एका हॉटेलात 'सी व्ह्यू' म्हणून दिलेल्या खोलीतून समोर हिरवळ, हिरवळीवर कुणाचा तरी संगीताचा स्टेज आणि स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून वीतभर समुद्र दिसत होता. दहा वाजता लाउडस्पीकर कायद्याने बंद झाले, पण तोवर धाकटीला सगळी गाणी पाठ झाली होती.

जेवणाच्या बाबतीत हॉटेलवाले सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं फेकतात. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळा. तुम्ही एमएपी घ्या. साडेनऊला नाश्ता केल्यावर बुफेचं दुपारचं जेवण कुणालाच जात नाही, पैसे मात्र गेलेले असतात. दुपारी भूक लागलीच तर जवळच्या एखाद्या साध्या हॉटेलात फिश थाळी खा. बुफेतल्या माशापेक्षा ती केव्हाही चांगली. पाच वर्षांचं मूल बहुतेक ठिकाणी आई-वडिलांच्या खोलीत फुकट असतं, अकराव्या वर्षाला जादा गादीचे पैसे लागतात; वयं आधीच सांगा. कराचंही बघा: सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. भाव त्या आकड्याच्या जरासा वर असेल तर तो ७,५०० पर्यंत उतरवता का, हे विचारून बघायला हरकत नाही.

सामानात पोहण्याचे नायलॉनचे कपडे सगळ्यांसाठी मुंबईतूनच घ्या, सासऱ्यांसाठीसुद्धा. ते "मी कुठे उतरतोय" म्हणतील, तरी घ्या. सुती बनियन-बर्मुड्यावर पूलमध्ये सोडत नाहीत, आणि हॉटेलच्या दुकानात तीच चड्डी तिप्पट भावाने घ्यावी लागते.

समुद्रात मात्र नियम पाळा. गोव्याच्या मुख्य किनाऱ्यांवर दिवसा जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही. पाणी आत ओढत असताना, म्हणजे ओहोटीला, लहान मुलांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. भरती-ओहोटीचं हे खातं सासऱ्यांकडे द्या. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: पंचमी असेल तर पावणेचार, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई-रायगडकडचा. गोव्यात भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढउतारही आपल्यापेक्षा बरीच कमी असते. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून बघायला त्यांना रोज काम मिळेल. निवृत्त माणसाला अगदीच निवांत ठेवलं की तो हॉटेलच्या बिलात चुका शोधायला बसतो.

बाकी दिवसाचं वेळापत्रक करू नका. डिसेंबरातही अकरा ते चार ऊन भाजतं, तेव्हा खोलीत पडदे ओढून झोपा. साडेचारला बाहेर पडा, सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, शांतादुर्गा यांतलं फार तर एक, तेही सोमवारी सकाळी, आणि सासूबाईंनी स्वतः म्हटलं तरच.

परतीची वंदे भारत मडगावहून दुपारी आहे. खोली अकरा-बाराला सोडायची असते, तेव्हा घाई होत नाही. जेवणही गाडीतच मागवता येतं. दादरला उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातील आणि बुधवारी शाळा-ऑफिस आहेच. दूध-पाव शेजाऱ्यांना सांगून ठेवा, आणि बुधवारचे डबे कोण करणार ते निघायच्या आधीच ठरवा. आमच्याकडे त्या दिवशी सगळे कँटीनमध्ये खातात, मुलांना पैसे दिलेले असतात.