ज्येष्ठ नागरिक संघात डोळ्यांच्या आजारांविषयी जागृती कशी करावी?

नाशिकरोडच्या आपल्या संघात दरवर्षी मोतीबिंदू शिबिर भरूनही दोन सभासदांची नजर कायमची गेली, मग जागृती म्हणजे नेमके काय करायचे, असे आपण विचारले आहे. सिडकोतील अशाच एका संघाचा मी काही वर्षे कार्यवाह होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

माझ्या मते अडचण ‘मोतीबिंदू’ या शब्दापासूनच सुरू होते. साठीनंतर अंधूक दिसू लागले की तो मोतीबिंदूच असणार आणि पिकला की काढता येईल, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. त्यात उन्हाळ्यात नको, थंडीत बघू, निफाडकडचे असतील तर द्राक्षांची छाटणी उरकू द्या, ही कारणे असतातच. मोतीबिंदूत ही दिरंगाई बहुधा निभावते, कारण लेन्स बसवली की दिसू लागते (अर्थात आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणेच अवघड जाते). काचबिंदूत मात्र डोळ्याची नस सुकत जाते आणि गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

माझ्या थोरल्या भावाचे हेच झाले. निदान वेळेवर झाले होते, थेंबही सुरू होते. पण डोळा दुखत नव्हता, समोरचे स्वच्छ दिसत होते, म्हणून बाटली संपल्यावर त्यांनी नवी आणलीच नाही. काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे रामकुंडावर ते डाव्या बाजूच्या माणसांवर वारंवार आदळू लागले, तेव्हाही आम्ही गर्दीलाच बोल लावला. सख्ख्या भावंडांना या आजाराचा धोका अधिक असतो, हे मला त्यांच्यामुळे कळले आणि मग मी स्वतःला तपासून घेतले.

त्यानंतर आम्ही व्याख्याने कमी केली आणि मासिक सभेच्या आरंभी पाच मिनिटे राखून ठेवली. जवळचा चष्मा लावायचा, एक डोळा तळहाताने न दाबता झाकायचा आणि दिनदर्शिकेच्या चौकटी वाचनाच्या अंतरावरून पाहायच्या. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे बिघाड लक्षातच येत नाही. एका सभेत एक काकू म्हणाल्या, “अहो, हा मंगळवारचा रकाना मध्येच वाकडा का छापलाय?” रकाना सरळच होता. सरळ रेषा वाकड्या दिसणे हे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाची वयामुळे झीज होत असल्याचे लक्षण असू शकते, आणि तिच्या ओल्या प्रकारात (म्हणजे पडद्याखालच्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो तेव्हा) डोळ्यात द्यायची इंजेक्शने जितकी लवकर सुरू होतील, तितकी नजर वाचण्याची शक्यता वाढते. काकूंना आम्ही त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे नेले. वर्तमानपत्र त्या अजून स्वतः वाचतात.

या चाचणीत काचबिंदू मात्र सापडत नाही, हे सभेत दर वेळी सांगावेच लागते. डोळ्याचा दाब 10 ते 21 मिलिमीटर पारा या नेहमीच्या मर्यादेत असूनही नस सुकू शकते, म्हणून केवळ दाब मोजणे पुरत नाही, नसही पाहावी लागते. तेव्हा फलकावर ‘दाब, नस आणि पडदा तपासणी’ असे लिहा, मधुमेह असलेल्यांना दरवर्षी पडदा तपासण्याचे वेगळे निमंत्रण द्या आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, हे आधीच कळवा. आमच्या पहिल्या शिबिरात ही सूचना द्यायची मीच विसरलो; कित्येक जण स्कूटरवर आले होते, ते थेंब न घालताच परतले.

आणखी एक वही ठेवा. काचबिंदूचे थेंब घालणाऱ्या सभासदांची नावे आणि बाटली उघडल्याची तारीख तीत लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिनाभरात बदलायच्या असतात. त्या सुमारास आमच्यापैकी कोणीतरी फोन करून, नवी बाटली आणली का, एवढेच विचारतो.