जपानला फिरायला गेल्यावर तिथल्या घरगुती स्वयंपाकाचा क्लास शाकाहारी माणसाने करावा का?

जरूर करा, पण बुकिंग करतानाच 'दाशी'बद्दल, म्हणजे पदार्थांना मूळ चव देणाऱ्या पाण्याबद्दल, विचारा. नुसतं 'मांस-मासे नको' सांगून भागत नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपपासून शिजवलेल्या भाज्यांपर्यंत बऱ्याच पदार्थांत हे पाणी असतं आणि ते बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचं. त्याऐवजी कोंबू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी मागा; बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकात, म्हणजे शोजिन र्‍योरीत तीच चालते. कोंबू उकळी फुटण्याआधी काढायचा, मिसो आच बंद करून विरघळवायचा, हे यजमानीणबाईंच्या ओट्याशी उभं राहूनच नीट कळतं. खऱ्या मिरिनमध्ये (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोड वाइन) अल्कोहोल असतं. चालत नसेल तर तेही आधीच सांगा. सुशीचा क्लास मात्र सोडा, घरी रोज कोण सुशी वळतं?