अडकलेलं झाड आणि पांढरी पडणारी बोटं

प्रश्न : काका, माझे यजमान सहा वर्षं एका लाकूड व्यापाऱ्याकडे कटर मशीनवर, म्हणजे झाडं कापायच्या चेनसॉवर आहेत. पाऊस सरला की आमच्याकडे खासगी रानांची तोड सुरू होते. मजुरी टनावर. गेल्या महिन्यात त्यांच्या जोडीदाराच्या खांद्यावर अडकलेलं झाड आलं. हाड मोडलं, जीव वाचला. यांची बोटं सकाळच्या गारठ्यात पांढरीफटक पडतात, मुंग्या येतात. व्यापारी म्हणतो, "सगळ्यांना हेल्मेट घेऊन देतो." तेवढ्याने भागेल का?
– एक वाचक भगिनी, ता. संगमेश्वर

उत्तर : ताई, हेल्मेट जरूर घ्यायला लावा. वरून सुकी फांदी सुटते तेव्हा तेच डोकं वाचवतं. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचला तो 'टनावर' हा शब्द. मी 31 वर्षं वनखात्यात काढली, निम्मी गडचिरोलीतल्या आलापल्लीकडे सागाच्या कूपांत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या रानात, उरलेली कोकणात. बुंध्याभोवतीची झुडपं काढायला, मागे सरकायची वाट मोकळी करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. टनाच्या हिशेबात त्यांचा एक पैसा मिळत नाही, म्हणून माणूस ती वाचवतो. आणि झाड अडकलं की सोडून जायला त्याला परवडत नाही.

एका डिसेंबरात आमच्या कूपात एक साग पडता पडता शेजारच्या ऐनाच्या झाडावर रेलून राहिला. कामात मुरलेला गडी, ऐन कापला की दोन्ही खाली येतील म्हणून तो ऐनाच्या बुंध्याशी गेला. मी थोड्या अंतरावर वहीत घेर लिहीत होतो. सागाचा सगळा भार ऐनावर होता. अर्धा कापला जाताच ऐनाचं खोड उभं चिरलं आणि साग सरकत खाली आला. गडी जागीच गेला. आम्ही त्याला उचललं तेव्हा पाचर कमरेला तशीच खोचलेली होती. काम थांबवायचा अधिकार माझा होता, आणि साग रेलला त्याच क्षणी मी तो वापरायला हवा होता. हे मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून यजमानांना सांगा, अडकलेल्या झाडाखाली कोणीही जायचं नाही, ज्यावर ते टेकलंय ते झाड कापायचं नाही, वर चढायचं नाही. लांबून, बाजूने, दोर किंवा विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) लावून ओढायचं. सोय नसेल तर भोवती फांद्या आडव्या टाकून सगळ्यांना लांब ठेवायचं आणि सोय होईपर्यंत तिथलं काम बंद. तुमच्याकडच्या रानात गारंबीसारख्या वेली दोन-तीन झाडं वरच्या वर बांधून ठेवतात. तोडीच्या आधी वर बघून त्या कापल्या नाहीत तर एक झाड दुसऱ्याला ओढतं.

झाड जिकडे पाडायचं त्या बाजूला खाच आधी घ्यायची, खोडाच्या साधारण पाव जाडीपर्यंत. मागून काप घेताना मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी शाबूत ठेवायची. ती बिजागरीसारखं झाड धरते, ती कापली की झाड कुठेही जातं. पळायची वाट सरळ मागे नाही, तिरकी मागे. झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत दुसरा माणूस नको, आणि उतारावर खालच्या अंगाला तर कितीही लांब असला तरी नको, ओंडका गडगडत जातो. मशीनच्या पात्याचं वरचं टोक लाकडाला लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं, अशा वेळी चेन थांबवणारा चेनब्रेक चालतो की नाही हे रोज सकाळी बघायचं. पायांसाठी चेनसॉची खास पँट मिळते, तिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून चेन थांबवतात. महाग असते, पण हेल्मेटबरोबर ती, बूट आणि कानांचे मफ व्यापाऱ्यानेच द्यायचे.

आता बोटं. ताई, हे थंडीचं दुखणं समजून अंगावर काढू नका. मशीनच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, आणि काम तसंच चालू राहिलं तर बधिरपणा कायमचा बसतो. लवकर डॉक्टरांकडे न्या आणि काम काय करतात ते स्पष्ट सांगा. मशीन दोघांनी आळीपाळीने चालवावं, चेनला धार असावी, दांड्याचे झिजलेले रबर बदलावेत, हात उबदार ठेवावेत. यजमान तंबाखू खात असतील तर ती सोडायला लावा, तिने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

राहिला पैशांचा विषय. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे 1923 पासून कायद्यात आहे. जोडीदाराची दवाखान्याची सगळी कागदपत्रं जपून ठेवा आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत वकील मागा. शिवाय बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. व्यापाऱ्याची जबाबदारी मात्र त्याने सुटत नाही.

व्यापाऱ्याशी बोलायला यजमानांनी एकट्याने जाऊ नये, टोळीतले सगळे मिळून जावेत. रोजावर मजुरी मागा. तो अगदीच नाही म्हणाला तर वाट साफ करायचा आणि वेली कापायचा दिवस तरी वेगळा मोजायला लावा. रोज कामाला लागण्याआधी 108 ला फोन लागेल अशी रेंज कुठे आहे, गाडी कुठवर येईल, हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. डॉक्टर बोटांबद्दल काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.