नवीन स्पॉटिंग स्कोप चांगला आहे की सदोष, हे घरीच कसे ठरवावे?

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला: आपण 20-60×80 चा, म्हणजे 20 ते 60 पट मोठे दाखवणारा आणि पुढचे भिंग 80 मिमीचे असलेला, स्पॉटिंग स्कोप (पक्षी पाहायची एका डोळ्याची दुर्बीण) मागवला आहे, तो परत करण्याची मुदत दहा दिवसांची आहे, पक्षी पाहायला भिगवणला जाणे हिवाळ्यापर्यंत जमणार नाही आणि गच्चीवरून पाहताना 60 पटींवर चित्र धूसर दिसते. हा स्कोपचा दोष आहे की 60 पटींवर असेच दिसायचे, हे आपल्याला घरीच ठरवायचे आहे. ते ठरवता येते. मात्र धूसरपणाची कारणे चार असतात, हवा, ट्रायपॉड, आपला डोळा आणि स्कोप. पहिली तीन बाजूला काढल्याशिवाय चौथ्यावर ठपका ठेवू नये.

ही चूक मी स्वतः केली आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी असाच 80 मिमीचा स्कोप घेतला. खोके सकाळी अकराला आले आणि पंधरा मिनिटांत मी पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर होतो. दूरच्या इमारतीवरची पाण्याची काळी टाकी 60 पटींवर अशी थरथरत होती की जणू ती चुलीवरच ठेवली आहे. स्कोप परत करायचे मी जवळजवळ ठरवलेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मित्र आपला जुना 65 मिमीचा स्कोप घेऊन आला आणि त्यातूनही टाकी तितकीच थरथरताना दिसली. त्यापुढच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही पुन्हा बसलो, तेव्हा दोन्ही स्कोपमधून टाकी स्थिर दिसली. पण त्याच वेळी दुसरी गोष्टही कळली. दोन्ही 45 पटींवर ठेवले असता माझ्या मोठ्या, नव्या स्कोपपेक्षा त्याच्या जुन्या, लहान स्कोपचे चित्र अधिक रेखीव होते. म्हणजे स्कोप सदोष होता, परंतु मला पहिल्या दिवशी दिसलेला दोष तो नव्हता.

म्हणून पहिली अट वेळेची. सूर्योदयानंतरचा तासभर सर्वांत चांगला. ऊन चढले की गच्चीची फरशी, पत्रे आणि डांबर तापतात व तव्यावरच्या हवेसारखी हवा हलू लागते. 60 पटींवर ही हालचालही 60 पटींनी मोठी होते आणि कितीही महागडा स्कोप तिला आवर घालू शकत नाही. वातानुकूलित खोलीतून काढलेला स्कोप अर्धा तास बाहेर ठेवून मगच वापरावा. खिडकीच्या बंद काचेतून तर कधीच तपासू नये, कारण घराची काच डोळ्यांना सपाट वाटली तरी मोठ्या वर्धनाला पुरेल इतकी सपाट नसते. उघड्या खिडकीतही आतल्या-बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक घोटाळा करतो.

ट्रायपॉडबद्दल थोडक्यात सांगतो. मधला दांडा वर काढू नका, पाय शक्य तितके आखूड ठेवा आणि खुर्चीवर बसून पाहा. फोकस फिरवून हात काढल्यावर दोन-तीन सेकंद थांबा व मगच चित्राबद्दल मत बनवा. स्लॅबवर कोणी चालत असेल तर तेही दिसते. आमच्याकडे वाळवण उचलायला आलेल्या शेजारीणबाईंची पावले मला स्कोपमधून मोजता येत होती.

आता वर्धनाविषयी, कारण पुष्कळ जण येथेच फसतात. 20 पटींवर बहुतेक स्कोप चांगलेच दिसतात आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: 20 पटींवर 4 मिमी आणि 60 पटींवर साधारण 1.3 मिमी. भर उजेडात आपली बाहुली दोन ते तीन मिमी इतकीच उघडी असते, म्हणून 20 पटींवर 4 मिमीच्या झोताचा बाहेरचा भाग डोळ्यात शिरतच नाही आणि भिंगाच्या कडेकडच्या भागातले दोष झाकलेले राहतात. 60 पटींवर पूर्ण 80 मिमीचे भिंग कामाला लागते आणि जे असेल ते समोर येते. त्यामुळे परीक्षा 60 वरच घ्यावी. मात्र त्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातले तरंगते ठिपके आणि धागेही दिसू लागतात. त्यांना भिंगावरची धूळ समजू नये. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा लावूनच पाहावे.

मजकूर वाचण्याची परीक्षा आपल्या लिपीत फार चांगली होते. तिथी-नक्षत्रे बारीक अक्षरांत छापलेले भिंतीवरचे कॅलेंडर इमारतीच्या आवारात सावलीत, पण उजेडाच्या जागी, 30 मीटरवर टांगावे. 60 पटींवर ते अर्ध्या मीटरवरून पाहिल्यासारखे दिसते. 80 मिमीच्या निर्दोष भिंगाला तेवढ्या अंतरावर सुमारे 0.2 मिमीचा तपशील वेगळा दाखवता आला पाहिजे, म्हणजे ‘प’ आणि ‘ष’ यांतली तिरपी रेघ, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक, अक्षरावरचा अनुस्वार हे नुसत्या अंदाजाने नव्हे तर खरोखर दिसले पाहिजे. वाचण्यापेक्षाही फोकस कसा लागतो याकडे अधिक लक्ष द्या. चांगल्या स्कोपमध्ये चाक फिरवताना एका जागी अक्षर एकदम उमटते आणि थोडे पुढे-मागे केले की लगेच बिघडते. माझ्या पहिल्या स्कोपमध्ये ती जागा सापडतच नव्हती. चाक दोन्ही बाजूंना फिरवत राहायचे आणि ‘प’चा पोट फोडलेला ‘ष’ काही व्हायचा नाही.

खरा निकाल देते ती ताऱ्याची परीक्षा आणि ती दिवसाही करता येते. सायकलच्या दुकानात मिळणारा चकचकीत स्टीलचा छर्रा काळ्या कापडावर ठेवून त्यावर ऊन पडू द्यावे आणि सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बेताने 25-30 मीटरवरून त्यातली चमक पाहावी. एक सेंटीमीटरच्या छर्‍यातले सूर्याचे प्रतिबिंब मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढे असते, म्हणून स्कोपच्या दृष्टीने तो ताराच ठरतो. 60 पटींवर ती चमक बरोबर मध्यभागी आणून आधी नीट फोकस करा, मग चाक हळूहळू एका बाजूला फिरवा. ठिपका पसरून त्याची एकात एक वर्तुळे दिसू लागतील. चार-पाच वर्तुळे दिसली की थांबून त्यांचा आकार पाहा, मग फोकसच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा पाहा. दोन्हीकडे गोल आणि एककेंद्री वर्तुळे असतील तर निश्चिंत व्हावे. एका बाजूला उभट आणि दुसऱ्या बाजूला आडवी लंबवर्तुळे दिसली तर स्कोपलाच सिलिंडरचा नंबर आहे असे समजा. पण आधी डोके थोडे तिरपे करा, कारण लंबवर्तुळही डोक्याबरोबर फिरले तर तो नंबर आपला. वर्तुळे एका बाजूला ओढल्यासारखी असतील तर भिंगे एका रेषेत बसलेली नाहीत, आणि त्रिकोणी झाली असतील तर कुठेतरी भिंग आवळले गेले आहे. वर्तुळे एका बाजूला स्पष्ट व दुसऱ्या बाजूला किंचित पुसट असणे मात्र पुष्कळ चांगल्या स्कोपमध्येही आढळते. तेवढ्यावरून परत करू नये.

पावसाळी ढग नसतील तर हेच रात्री स्वाती किंवा अभिजितवर करता येते. तारा क्षितिजाला टेकलेला नसावा, मध्यम उंचीवर असावा. तो पाहता पाहता सरकतो, याची मात्र तयारी ठेवावी. सूर्याकडे स्कोप कधीही, क्षणभरही वळवू नका आणि उन्हात झाकण न लावता सोडून जाऊ नका.

रंगांच्या कडांविषयी फार चिंता करू नये. पांढऱ्या आभाळापुढे तारेवर बसलेला कावळा पाहिला की जांभळट-हिरवट कड किती आहे ते कळते. ती साध्या काचेच्या स्कोपमध्ये असणारच. ईडी काचेचे (अशा रंगीत कडा कमी करणाऱ्या खास काचेचे) पैसे मोजूनही 30-40 पटींवर ती ठळक दिसत असेल तर तक्रार रास्त आहे. तसेच पुढच्या भिंगात बॅटरी मारून आत पाहू नका. त्या प्रकाशात नवाकोरा स्कोपही धुळीने माखलेला दिसतो आणि उगाच मन खट्टू होते. बुरशीचे जाळे किंवा काचेवरचा चरा मात्र आढळला तर तो दोषच.

स्कोप परत करायची वेळ आलीच, तर ‘चित्र स्पष्ट नाही’ एवढेच लिहू नका. मोबाइल आयपीसला टेकवून फोकसच्या दोन्ही बाजूंच्या वर्तुळांची छायाचित्रे घ्या आणि ती सोबत जोडा. मी तसे केल्यावर विक्रेत्याने वाद न घालता त्याच मॉडेलचा दुसरा नग पाठवला, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांत असा फरक पडू शकतो हे त्यालाही ठाऊक असते. दुसऱ्या नगाची वर्तुळे गोल होती आणि 30 मीटरवरच्या कॅलेंडरात ‘षष्ठी’ची दोन्ही ‘ष’ फोडलेली दिसली. तोवर खोके, आतला थर्माकोल आणि कोरे वॉरंटी कार्ड जपून ठेवा.