बोर्डिंगमधून आलेला खोकला आणि पावतीवरची ओळ

प्रश्न : मी मिरजेला राहते. दिवाळीत सहा दिवस आमची मांजर सांगलीतील एका बोर्डिंगमध्ये ठेवली होती. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला शिंका, ताप आणि खोकला सुरू झाला. घशाच्या स्वॅबमध्ये ‘बोर्डेटेला’ जिवाणू आढळला. घरातले दोन महिन्यांचे पिल्लूही आजारी पडून न्यूमोनियाने गेले. उपचारांना ११,४०० रुपये लागले. बोर्डिंगचे चालक म्हणतात, लसीचा बूस्टर राहिला होता; शिवाय पावतीवर ‘आजारपणाची जबाबदारी आमची नाही’ असे छापले आहे. पोलिसांत जावे का?

उत्तर : पोलिसांत जाऊन फारसे काही हाती लागणार नाही. प्राण्याला मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालचा गुन्हा असला, तरी त्यासाठी हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, आणि आपली तक्रार निष्काळजीपणाची आहे.

खरा आधार करार अधिनियम, १८७२ मध्ये आहे. मांजर कायद्याच्या नजरेत जंगम मालमत्ता ठरते (हे ऐकायला बरे वाटत नाही, पण इथे उपयोगी पडते), त्यामुळे ती सांभाळायला देणे हा निक्षेप (परत घेण्याच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे) होतो, आणि कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेणे चालकांवर बंधनकारक होते. ती घेतली हे दाखवण्याचा भारही मुख्यतः त्यांच्यावरच येतो. बोर्डेटेला हा कुत्र्यांच्या ‘केनेल कफ’ या संसर्गजन्य खोकल्यात आढळणारा जिवाणू असून तो कुत्र्याकडून मांजरीकडे जाऊ शकतो, म्हणून त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंत आपल्या मांजरीच्या पिंजऱ्याला लागून कुत्र्यांचे पिंजरे दिसत असतील, तर ते फोटो मूळ फोनमध्येच जपा आणि पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडा.

बूस्टरचा मुद्दा लंगडा आहे, कारण मांजरांना नेहमी दिली जाणारी तिहेरी लस हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्युकोपेनिया या विषाणूंसाठी असते, बोर्डेटेलासाठी नव्हे. तेवढे आपल्या पशुवैद्यांकडून लेखी घ्या. मांजर आधीपासूनच वाहक होती, म्हणजे जिवाणू तिच्या अंगात आधीच होता, हा त्यांचा बचाव मात्र आपल्याला जड जाईल. त्यावर बोर्डिंगमध्ये ठेवतानाची तिची प्रकृती, लक्षणे दिसल्याची तारीख आणि बोर्डिंगमधील इतर प्राण्यांच्या खोकल्याची माहिती मांडावी लागेल.

पावतीवरच्या ओळीने निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. ती अट अनुचित करार म्हणून स्वतंत्रपणे रद्द करून घ्यायची तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. एवढ्या रकमेसाठी मी तो खटाटोप सुचवणार नाही. आधी पोचपावतीसह नोटीस पाठवा. नंतर सेवेतील त्रुटीची तक्रार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करा; बोर्डिंगला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क लागत नाही. पिल्लाचा स्वॅब घेतला नसेल, तर त्याच्या मृत्यूची भरपाई मिळणे कठीण आहे, तरी डॉक्टरांचे टिपण जोडून मागणी जरूर करा.

बरी झालेली मांजरही कित्येक आठवडे हा जिवाणू बाहेर टाकू शकते. आता ते आपल्याला माहीत असल्याने, इतक्यात तिला दुसरीकडे ठेवायची वेळ आल्यास करार अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे ते आधी सांगणे आपल्यावर बंधनकारक राहील.